मिनीबाइकचा सांगाडा : कळंबोलीच्या लोखंडापासून परिवहन कायद्यापर्यंत

मोटारसायकलीची यंत्ररचना तीच ठेवून तिचा आकार जवळजवळ निम्म्यावर आणला, म्हणजे दहा इंची किंवा त्याहून लहान चाके, दोन्ही आसांमधील अंतर मीटरभराच्या आतबाहेर आणि बैठक जेमतेम दीड-दोन फूट उंचीवर, की जे वाहन तयार होते त्याला मिनीबाइक म्हणतात. कारखान्यात बनलेल्या मिनीबाइक भारतात मोजक्याच दिसतात. त्यामुळे ज्याला ती हवी असते तो बहुधा जुन्या मोपेडचे किंवा मोटारसायकलीचे इंजिन मिळवून, नळ्या कापून-जोडून ती स्वतःच घडवू पाहतो. अशा कामात बघ्यांचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते आणि घडवणाराही पुष्कळदा सगळा पैसा व उत्साह इंजिनावरच खर्च करतो. वस्तुतः इंजिन हा या उद्योगातील सर्वांत सोपा भाग होय, कारण ते तयारच मिळते. घरी खऱ्या अर्थाने जे बनते तो असतो सांगाडा, म्हणजे फ्रेम किंवा चासी. वाहन सरळ धावेल की डगमगेल हे सांगाडा ठरवतो, आणि ते रस्त्यावर येऊ शकेल की नाही, हा कायद्याचा प्रश्नही शेवटी सांगाड्यापाशीच येऊन थांबतो.

या वाहनाचा जन्म गंमत म्हणून झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने खाली सोडता यावे यासाठी ब्रिटनमध्ये ‘वेलबाइक’ नावाची घडी होणारी दुचाकी तयार करण्यात आली. ९८ घनसेंटिमीटरचे व्हिलियर्स इंजिन असलेली, सुमारे ३२ किलो वजनाची ही दुचाकी एका अरुंद नळकांड्यात मावत असे, आणि बर्मिंगहॅमच्या एक्सेल्सियर कंपनीने अशा साडेतीन हजारांहून अधिक दुचाकी बनवल्या. पुढे अमेरिकेत हिरवळ कापण्याच्या यंत्रांची इंजिने साध्या नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून घरोघरी मिनीबाइक बनवण्याची लाट आली. जपानमध्ये होंडा कंपनीने १९६१ मध्ये टोकियोजवळच्या तामा टेक या करमणूक उद्यानासाठी पाच इंची चाकांची, ४९ घनसेंटिमीटर इंजिनाची चिमुकली दुचाकी तयार केली. तिचेच सुधारलेले रूप १९६७ मध्ये जपानच्या रस्त्यांसाठी विक्रीला आले आणि ‘मंकी’ या नावाने जगभर ओळखले गेले. तिचे इंजिन होंडाच्या १९५८ च्या सुपर कब या दुचाकीच्या कुळातले होते, आणि या कुळाचे वैशिष्ट्य असे की त्यात सिलिंडर उभा नसून जवळजवळ आडवा असतो. त्याच घाटाचे ९७.२ घनसेंटिमीटरचे इंजिन १९८५ मध्ये हीरो होंडाच्या सीडी १०० या मोटारसायकलीतून भारतात आले व पुढे स्प्लेंडरमधून खेडोपाडी पोचले. स्प्लेंडरचे इंजिन मिनीबाइकच्या बुटक्या सांगाड्यात इतक्या सहज का बसते, याचे उत्तर या नातेसंबंधात आहे : आडव्या सिलिंडरमुळे उंची वाचते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर छोट्या इंजिनांची येथे कधीच वाण नव्हती. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७० च्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या मोपेडवर बेतलेली लूना बाजारात आणली. तिचे ५० घनसेंटिमीटरचे दोन-स्ट्रोक इंजिन एकाच गिअरचे असून त्यात अपकेंद्री क्लच होता. अपकेंद्री क्लच म्हणजे असा क्लच की ज्यातील वजनदार पट्ट्या इंजिनाचा वेग वाढताच बाहेर फेकल्या जाऊन भोवतालच्या वाटीला घट्ट पकडतात आणि वेग उतरताच सुटतात, त्यामुळे चालकाला हाताने काहीच करावे लागत नाही. ऐंशीच्या दशकात बजाजची एम-८० आली, जी कोकणात मासळी आणि घाटावर दूध वाहण्यासाठी वर्षानुवर्षे राबली; तिला हाताने बदलायचे तीन गिअर होते. आजच्या स्कूटरमध्ये इंजिन, पट्ट्यावर चालणारी वेगबदल यंत्रणा आणि मागचे चाक हे सर्व एकाच धडात असते व ते धडच मागच्या चाकाची भुजा म्हणून वरखाली हलते. हे धड उचलून मिनीबाइकला लावले तर साखळी, दातचक्र आणि मागची भुजा यांचे अर्धे काम आपोआप उरकते. मात्र ते रुंद आणि जड असल्याने बाइकचे रूप बोजड होते, आणि रूपासाठीच हा खटाटोप करणाऱ्यांना ते बहुधा पटत नाही.

अशा कामासाठी पनवेलइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. शहराला लागूनच कळंबोली येथे, मुंबईतील लोखंड-पोलादाचा घाऊक व्यापार गर्दीबाहेर नेण्यासाठी सिडकोने वसवलेला पोलाद बाजार आहे. पलीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि तिच्या आसऱ्याने चालणारी लेथ, वेल्डिंग, पावडर कोटिंगची छोटी वर्कशॉप आहेत. आणि दुचाकीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेली पुण्याची नाना पेठ घाट चढला की गाठता येते. अर्थात टनांत हिशेब करणारा घाऊक व्यापारी एका नळीसाठी आलेल्या गिऱ्हाइकाकडे मान वर करून पाहील अशी अपेक्षा धरू नये. मिनीबाइकला लोखंड लागते तरी किती? बाहेरून एक इंच व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी मीटरला सुमारे १.१५ किलो भरते, म्हणजे सहा मीटरची अख्खी नळी सात किलोंच्या आत. आणि साध्या सांगाड्याचे काम अशा एक-दीड नळीत भागते. तेव्हा किरकोळ दुकानातून चांगली नळी घेणे परवडते, आणि भंगारातली गंजकी नळी घेऊन वाचणारे शे-दोनशे रुपये ही काटकसर नव्हे.

नळी निवडताना ती कशासाठी बनवली गेली हे पाहावे लागते. पाण्याच्या जोडणीची जस्ताचा मुलामा दिलेली नळी, जिला बाजारात जीआय पाइप म्हणतात, ती सांगाड्यासाठी दोन कारणांनी अयोग्य ठरते : तिची जाडी व पोलादाची प्रत या कामासाठी ठरवलेली नसते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून निघणारा पांढरा धूर फुप्फुसात गेल्यास काही तासांत थंडी-ताप भरतो. पत्रा गोल वळवून विजेच्या साहाय्याने शिवण सांधलेली नळी ईआरडब्ल्यू या नावाने मिळते आणि शिवण नसलेली नळी सीमलेस म्हणून. वाहनांसाठीच्या पोलादी नळ्यांना भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ३०७४ हे स्वतंत्र मानक आहे. साध्या मिनीबाइकला ईआरडब्ल्यू नळी पुरेशी असते, फक्त ती वाकवायची असेल तर शिवण वाकेच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला न येता बाजूला राहील अशी धरावी, कारण बाजूच्या रेषेवर ताण सर्वांत कमी असतो. वाकवताना नळी चेपू नये म्हणून तिच्यात वाळू भरून ती तापवण्याची जुनी रीत आहे. ती वाळू कडकडीत कोरडी नसेल तर दोन्ही तोंडे बंद केलेल्या नळीत वाफ कोंडते आणि नळी फुटते.

यापुढचा भाग भूमितीचा, आणि घरगुती मिनीबाइक बहुतेक वेळा बिघडते ती येथेच. हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो ती डोक्याची नळी उभ्या रेषेपासून मागे कललेली असते. या कलाला रेक म्हणतात व तो साधारणपणे २४ ते २७ अंश ठेवला जातो. हा कल तसाच खाली वाढवून कल्पिलेली रेषा जमिनीला जेथे भिडते तो बिंदू टायर जमिनीला टेकते त्या जागेच्या थोडा पुढे येतो, आणि या दोन बिंदूंमधील अंतराला ट्रेल असे नाव आहे. कार्यालयातील फिरत्या खुर्चीचे चाक जसे ढकलताच आपल्या खुंटामागे सरळ रेषेत येते, तसे पुढचे चाक या ट्रेलमुळे आपोआप सरळ होऊ पाहते. ट्रेल कमी पडला तर हँडल वेगात थरथरू लागते, आणि फार झाला तर वळणे जड जाते. ट्रेलचे गणित शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडचे नाही : चाकाच्या त्रिज्येला रेकच्या ज्येने, म्हणजे साइनने, गुणून त्यातून चाकाचा आस हँडलच्या अक्षाच्या जितका पुढे असेल ते अंतर वजा करावे आणि उत्तराला रेकच्या कोज्येने, म्हणजे कोसाइनने, भागावे. रेक २५ अंश, आसाचे पुढचे अंतर ४० मिलिमीटर आणि चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर असेल तर ट्रेल सुमारे ९६ मिलिमीटर येतो, जो नेहमीच्या मोटारसायकलीला शोभतो. पण तोच चिमटा, म्हणजे पुढचा फोर्क, तसाच ठेवून त्यात २१० मिलिमीटर त्रिज्येचे दहा इंची चाक बसवले की ट्रेल एकदम ५४ मिलिमीटरवर उतरतो. मोठ्या गाडीचा फोर्क लहान चाकाला लावला आणि बाकी काही बदलले नाही, तर बाइक हातात का राहत नाही याचा उलगडा या एका वजाबाकीत होतो. उपाय दोन आहेत : रेक थोडा वाढवणे, किंवा आसाचे पुढचे अंतर कमी असलेला फोर्क घेणे, जसा स्कूटरच्या किंवा मोपेडच्या जातीत मिळतो.

दोन आसांमधील अंतर कमी असण्याचाही परिणाम विचारात घ्यावा लागतो. मिनीबाइक लहान झाली तरी तिच्यावर बसणारा माणूस लहान होत नाही. त्यामुळे एकूण वजनाचा मध्यबिंदू चाकांच्या मानाने फार उंच राहतो, ॲक्सिलरेटर पिळताच पुढचे चाक उचलू पाहते आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे. बैठक मागच्या आसाच्या थोडी पुढे घेणे आणि इंजिन शक्य तितके खाली व पुढे ठेवणे हाच यावर खरा इलाज आहे. म्हणून जाणते लोक सांगाडा आधी कागदावर नव्हे, तर जमिनीवर खडूने पूर्ण मापात आखतात, त्या आखणीवर चाके, इंजिन आणि बैठकीची फळी प्रत्यक्ष मांडतात, आणि मगच नळीला करवत लावतात.

नळ्या जोडताना एका नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर पूर्ण टेकेल असे खोबणीदार कापावे लागते, ज्याला कारागीर फिश माउथ म्हणतात. ही खोबण गोल कानशीने घासून इतकी नेमकी बसवावी की उजेड आरपार दिसू नये, कारण फट वेल्डिंगच्या मालाने बुजवली की जोड दिसायला भरीव आणि प्रत्यक्षात कच्चा होतो. त्यानंतर सर्व भाग लोखंडी चौकटीवर, म्हणजे जिगवर, घट्ट आवळून आधी फक्त टॅक मारायचे, म्हणजे ठिकठिकाणी छोटे टाके घालायचे. गुण्या, ओळंबा आणि दोरी लावून डोक्याची नळी व मागच्या चाकाच्या खाचा एकाच प्रतलात आहेत याची खात्री करायची, आणि मगच पुरे वेल्डिंग करायचे. वितळलेला धातू थंड होताना आकसतो व नळीला आपल्याकडे ओढतो, म्हणून एका बाजूला सलग न जाता समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने थोडे थोडे भरत जावे लागते. २ मिलिमीटरच्या नळीवर २.५ मिलिमीटरची कांडी वापरतानाही करंट जास्त झाला तर भोक पडते आणि कमी झाला तर धातू नुसता वर बसतो. यातला दुसरा दोष अधिक घातक, कारण तो नजरेला दिसत नाही. डोक्याच्या नळीजवळच्या कोनात त्रिकोणी पट्टीचा आधार, ज्याला गसेट म्हणतात, दिल्याशिवाय तो जोड पुरा मानू नये. ब्रेक, खड्डा आणि चालकाचे वजन या तिन्हींचा मार तेथेच एकवटतो. तयार जोडातील भेग पाहण्यासाठी लाल रंगाचा पातळ द्रव व त्यावर पांढरी भुकटी फवारण्याची पद्धत सोपी आहे. भेगेत शिरलेला लाल रंग भुकटीवर रेघ होऊन उमटतो. रंगकाम त्यानंतरचे, आणि ते आधी उरकून घेण्याची घाई हीच सुंदर दिसणाऱ्या पण मोडक्या सांगाड्यांची जननी आहे.

चाके व ब्रेक यांत दोन गोष्टी हमखास निसटतात. जुन्या चेतकसारख्या स्कूटरची दहा इंची रिम दोन अर्ध्या ताटल्या नटबोल्टने आवळून बनवलेली असते. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते नट सैल केले तर ताटली उडून इजा होते. दुसरी गोष्ट ड्रम ब्रेकची. ब्रेक दाबला की चाकाबरोबर ब्रेकची ताटलीही फिरू पाहते आणि तिला अडवण्यासाठी फोर्कला किंवा भुजेला जोडलेला एक दांडा लागतो. घरगुती बाइकमध्ये तो विसरला गेला किंवा तारेने बांधला गेला, तर ऐन वेळी चाक जखडते. इंजिनाचा वेग तोच राहूनही लहान चाकामुळे बाइकचा वेग उतरतो : अठरा इंची चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे १.८ मीटर अंतर कापले जाते, तर दहा इंचीत १.३ मीटर. ओढ वाढते, वेग घटतो, आणि तो दातचक्र बदलून वाढवण्याच्या फंदात न पडलेले बरे. पेट्रोलची जुनी टाकी रिकामी दिसली तरी तिच्यातील वाफ स्फोटक असते, हे तिला वेल्डिंग करू पाहणाऱ्याने विसरू नये.

आता कायद्याकडे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि नोंदणी ज्या दोन क्रमांकांवर उभी असते त्यातला एक इंजिनाचा व दुसरा चासीचा असतो. घरी बनवलेल्या सांगाड्याला असा क्रमांकच नसतो. जुन्या मोटारसायकलीचा मूळ सांगाडा कापून लहान केला तर क्रमांक राहतो, पण कलम ५२ आड येते : नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ तसाच कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे. नवे वाहन म्हणून मान्यता घ्यायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडे न्यावा लागतो. देशातल्या अशा मोजक्या संस्थांपैकी एआरएआय व सीआयआरटी पुण्यात आणि व्हीआरडीई अहिल्यानगरात आहे. अंतर पनवेलकराला फार नाही, परंतु ही व्यवस्था हजारो वाहने बनवणाऱ्या उत्पादकांसाठी आखलेली असल्याने एकट्या बाइकसाठी तिचा खर्च हास्यास्पद ठरतो.

पळवाटा म्हणून दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात आणि दोन्ही अर्धवट असतात. चारपेक्षा कमी चाकांचे व २५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार मोटार वाहन नव्हे, हे खरे. पण लूनाचे इंजिनही याच्या दुप्पट होते, आणि व्याख्येतून सुटलेले वाहन बेदरकारपणे चालवले तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागू होतेच. विजेवर चालणाऱ्या दुचाकीला मोटरची शक्ती पाव किलोवॉटहून कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असेल तर सवलत आहे, परंतु या अटी पाळल्याची खातरजमा चाचणी संस्थेने केलेली असावी लागते, हा भाग सोयीस्करपणे वगळला जातो. मुलाच्या हौसेसाठी बाइक बनवणाऱ्या पालकांनी तर कलम १९९-अ वाचलेच पाहिजे : अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

कौतुक आणि कायदा यांतील हे अंतर सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावाने सर्वांत ठळकपणे दाखवले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या या खेड्यातील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी सुमारे साठ हजार रुपयांत बनवली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिची ध्वनिचित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर वाखाणणी केली, पण ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या प्रशासन तिला थांबवील हेही त्याच वेळी नमूद केले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. हातातील कसब निर्विवाद होते, रस्त्याचा परवाना मात्र त्या कसबाला मिळाला नाही, आणि हे अन्यायाचे नव्हे. ज्या रस्त्यावर शाळेची मुले आणि अवजड ट्रेलर एकत्र चालतात, तेथे प्रत्येक जोडाची हमी कोणीतरी दिलेली असणे योग्यच आहे.

तरीही हा उद्योग निरर्थक ठरत नाही. मोजमाप, भूमिती, धातूकाम आणि यंत्रशास्त्र एकाच वस्तूत शिकवणारे दुसरे साधन इतक्या थोड्या पैशांत मिळणे अवघड आहे, आणि ज्यांना त्यात पुढे जायचे आहे अशा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून भरणारी बाहा एसएईइंडिया स्पर्धा आहे, जिच्यात विद्यार्थी स्वतः सांगाडा आखून, जोडून बंदिस्त मैदानावर वाहन धावडवतात व परीक्षक त्यांचे वेल्डिंग तपासतात. घरी बनवलेल्या मिनीबाइकचीही जागा तशीच, कुंपणाच्या आत आहे : स्वतःचे शेत, फार्महाउसचे आवार, कारखान्याची मोकळी जमीन. पनवेल हे दोन महामार्ग व एक द्रुतगती मार्ग यांच्या नाक्यावरचे शहर असून द्रुतगती मार्गावर तर नोंदणीकृत दुचाकीलाही मज्जाव आहे. तेव्हा ज्यांच्याकडे अशी बंदिस्त जागा नाही, त्यांनी पहिली नळी कापण्यापूर्वीच बाइक कोठे चालवणार याचे उत्तर नक्की करावे. मान्यता नसलेल्या सांगाड्याला पनवेलच्या एमएच ४६ मालिकेचा क्रमांक मिळत नाही.